कोपर खालून धरा, मग सलाम

माझ्या घरात येऊन, मला न विचारता, माझ्या आजारी नवऱ्यासकट पलंग फिरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बरं, फिरवला तर फिरवला, वर मलाच म्हणतो, "भाभी, मध्ये उभ्या राहू नका, अजून कपाट यायचंय."

दुबईची गोष्ट आहे. आत्ताची काचेची दुबई नव्हे. तेव्हा अमिरात म्हणून देशसुद्धा नव्हता. साठच्या दशकातली दुबई म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवरची घरं, मधून ये-जा करणाऱ्या अब्रा, म्हणजे आपल्या होड्याच, नुकती आलेली वीज आणि गाढवाच्या पाठीवरून डब्यांतून येणारं पाणी. बाजारात हिंदी बोललं तरी चालायचं आणि मराठी बोललं तरी कुणीतरी वळून बघायचंच, कारण आमची रत्नागिरीकडची आणि कुलाबा जिल्ह्याकडची माणसं तिथं पुष्कळ. आमचे हे आणि ह्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळा बाजार भाई म्हणायचा, दोघांचं खाडीवर दुकान होतं. जहाजांना लागेल ते सगळं मिळायचं: दोर, रंग, डांबर, कप्प्या.

आणि त्याच बाजारात हा माणूस फिरायचा. फिरायचा म्हणजे अक्षरशः फिरायचा. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते लिहीत नाही, नातवंडं वाचतील. तशी ती मराठी वाचत नाहीत म्हणा. परवा धाकटीला म्हटलं, ये, एक गोष्ट सांगते, तर "लेटर दादी, लेटर" करून पळाली.

मूळचा तो आमच्यातलाच, कोकणी मुसलमान, श्रीवर्धनकडचा. लंडनला ऑस्टिओपॅथी शिकून आलेला. औषध न देता नुसत्या हातांनी हाडं, सांधे, स्नायू, श्वास जागेवर आणायची ती विद्या. हा शब्द बाजारात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचा झाला हड्डीवाला. कुणी डॉक्टरसाहेब म्हटलं की खवळायचा. "डॉक्टर औषध देतो. मी त्रास देतो. फरक आहे."

त्रास देतो हे मात्र अगदी खरं. रस्त्यानं चाललेल्या माणसाच्या मागे मागे जायचा आणि खांद्यावर थाप मारून सांगायचा, "तुमचा डावा खुबा झोपलाय, उठवून घ्या." ओळख ना पाळख! कस्टमच्या एका कारकुनाला त्यानं भर गर्दीत बूट काढायला लावले, बुटांचे तळ उलटे धरले आणि एकाच बाजूनं कसे झिजलेत ते सगळ्या रांगेला दाखवलं. माणूस लाजेनं मेला. पण संध्याकाळी गुपचूप त्याच्याकडे गेलाच.

त्याची खोली तांदळाच्या एका गोदामावर होती. खोलीत दोन खुर्च्या, दोन्हींवर कपडे वाळत घातलेले. बसायचं कुठं असं विचारलं तर म्हणायचा, "कशाला बसायचं?" चहा हा माणूस चालत प्यायचा. माझ्या घरात कपबशी घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचा, आणि कप कुठे ठेवला ते विसरायचा. मग मी शोधत बसायची. एकदा कप मिळाला पाण्याच्या रांजणावर, बशी मिळाली माझ्या शिवणाच्या टोपलीत. जेवायला वाढलं की चार घास खाऊन काहीतरी आठवायचं आणि निघाला. अब्रातून खाडी ओलांडताना सगळे बसलेले, हा मध्ये उभा. होडीवाले त्याला बघितलं की "यल्ला, यल्ला, चला, भरली" म्हणून होडी सोडून द्यायचे.

तो दुबईत आला कसा, याच्या त्याच्याकडे बऱ्याच गोष्टी होत्या. मला खरी वाटते ती अशी. बसऱ्याहून मुंबईला चालला होता. बोट इथं बाहेर समुद्रात नांगरली. माल उतरवायला आलेल्या लाँचवरचा एक खलाशी कंबर धरून वाकडा चालताना त्याला वरून दिसला. झालं! हा उतरला खाली, त्याला फळीवर आडवा घातला आणि कामाला लागला. लाँच किनाऱ्याला आली, कंबर सरळ झाली, आणि मागे बोट निघून गेली. ट्रंक मुंबईला पोचली, हा इथं राहिला. घरची माणसं बोटीवर घ्यायला आली असतील, त्यांना नुसती ट्रंक मिळाली असेल. त्याच्या आईला काय वाटलं असेल, याचा विचार त्यानं केला होता की नाही कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ट्रंकेत गरम कपडे होते, इथं काय उपयोग?"

तर असा माणूस. आणि ह्यांचं उजवं अंग गेलं त्या आठवड्यात तो आमच्या घरात घुसला.

हे दुकानात दोर मोजत होते. हातातून दोर सुटला. हे हसले म्हणे, आणि तसेच गुडघ्यावर आले. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची एक बाजू, बोलणं, सगळं एका झटक्यात. वय काय, चाळिशीसुद्धा नीट उलटली नव्हती. सरकारी इस्पितळातला डॉक्टर भला माणूस होता. रक्तदाब उतरवला, जिवावरचं टाळलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, आता घरी न्या, खाटा कमी आहेत, आराम करू द्या.

आराम म्हणजे काय, ते आमच्या माणसांना शिकवायला नको. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कारण लकव्याच्या माणसाला वारा लागता कामा नये. शेजारणीनं कबूतर आणलं, त्याचं गरम रक्त हातापायाला चोळायचं म्हणून. मी नको म्हणेना, हो म्हणेना. माझं डोकंच चालत नव्हतं. मुलगा कडेवर, चूल पेटलेली, आणि आतल्या खोलीत अंधारात माझा नवरा डावीकडे तोंड करून पडलेला. काही विचारलं की एकच शब्द यायचा. "खलास." पाणी देऊ? "खलास." दुखतंय का? "खलास." हा अरबी शब्द आम्ही सगळे दिवसातून शंभरदा बोलायचो, काम झालं की खलास, हिशेब झाला की खलास. पण त्यांच्या तोंडून ऐकला की मी खोलीबाहेर निघून यायची.

भाईंनी ठरवून टाकलं. "पुढच्या बोटीनं तुम्हां तिघांना गावी पाठवतो. इथं कोण बघणार? तिथं माणसं आहेत." भाई वाईट नव्हते हो. भावावर जीव होता त्यांचा. पण मी स्पष्ट सांगते, मला जायचं नव्हतं. गावी गेलो की काय होणार ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मागच्या पडवीत एक खाट, त्यावर हे, येणारा जाणारा चुकचुकणार, आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीशी. एकदा तिथं आडवा झालेला माणूस उठत नाही, कारण कुणी उठवतच नाही. आणि बोटीवर चढवायचं कसं, तर लाँच समुद्रात हेलकावे खातेय आणि खुर्चीला दोर बांधून माणूस वर ओढायचा, तांदळाच्या पोत्यासारखा. दोर, कप्प्या विकणारा माझा नवरा कप्पीवरून वर जाणार! रात्री मी उशीत तोंड घालून रडायची आणि सकाळी चूल पेटवायची. कुणाला सांगणार?

हड्डीवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं. मशिदीत कानावर आलं म्हणून आला. मी भाताची पेज काढत होते. आला तो सरळ आत. पडदा ओढला तो दांडीसकट खाली. शेजारीण "वारा! वारा!" करून ओरडली. "वाऱ्यानं लकवा होत असता तर खाडीवर एक माणूस उभा दिसला नसता," म्हणाला. कबूतर बघून म्हणाला, "याचा रस्सा करा, रक्त नको." मग माझ्याकडे वळला. "इस्पितळातल्या डॉक्टरनं काय सांगितलंय? गोळ्या कुठल्या? दाब किती?" मला सांगता येईना, तर तसाच इस्पितळात गेला, त्या डॉक्टरला विचारून घामानं निथळत परत आला. "दाबाचं तो बघेल. गोळी एकही चुकायची नाही. आणि त्यानं मला बजावलंय, मान मुरगाळायची नाही. मी काय वेडा आहे?"

आणि मग पलंग फिरवला.

कारण काय, तर हे डावीकडेच बघत पडायचे, म्हणून दार डावीकडे, पाणी डावीकडे, आम्ही सगळे डावीकडे. पलंग असा फिरवला की भिंत डावीकडे गेली आणि दार, खिडकी, बायको, मूल, सगळं जग उजवीकडे. "उजवीकडे काही आहे हे त्याच्या मेंदूला कळू द्या," म्हणाला. "आत्ता तो वाट शोधतोय. हेच दिवस आहेत. आत्ता कुणी हाक मारली नाही तर तो शोधणं सोडून देईल." मग ह्यांना कुशीवर वळवलं, रंगाच्या डब्याचं खोकं पायाखाली देऊन पलंगाच्या कडेला बसवलं. हे एका बाजूला कलंडले, ह्यानं सावरलं. पुन्हा कलंडले, पुन्हा सावरलं. उजव्या बरगड्यांवर तळवे ठेवून म्हणायचा, "शेठ, इथून श्वास घ्या. इथून. माझा हात ढकला." हे म्हणायचे, "खलास." हा खूश! "ऐका भाभी, शब्द स्पष्ट आला. एक येतो म्हणजे बाकीचेही मागे रांगेत आहेत."

रोज यायचा. कधी पहाटेच्या नमाजानंतर, कधी भर दुपारी. लोकांना वाटायचं हड्डीवाला आलाय म्हणजे आता हाडं कडकड वाजणार. दारात गर्दी करून कान देऊन उभे राहायचे. एक म्हातारे तर वैतागून म्हणाले, "अरे, एखादं तरी हाड वाजव, एवढे आलोय आम्ही!" हा म्हणाला, "वाजवायचं असेल तर ढोल आणा."

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. हाच माणूस ह्यांच्या डोक्यामागे बसायचा, दोन्ही तळहात डोक्याखाली घालायचा आणि मग हलायचा नाही. डोळे मिटलेले. बोटसुद्धा हलत नसे. पाय भाजल्यासारखा दिवसभर नाचणारा माणूस तिथं असा बसलेला बघून मलाच चैन पडेना. मी उगाच आत-बाहेर करायची, भांडी आदळायची. वाटायचं, हे काय चाललंय? नुसतं डोकं धरून बसल्यानं मेलेला हात उठतो का? दिवस चाललेत, बोट येतेय! एकदा रागानं विचारलंच, "काय करताय तरी काय?" डोळे न उघडता म्हणाला, "ऐकतोय." काय ऐकत होता ते त्याचं त्याला माहीत. पण हात काढला की हे शांत झोपलेले असायचे, आणि त्या दिवसांत झोप आमच्या घरात फार महाग झाली होती. त्या वेळी मात्र मला त्याच्याबद्दल माया वाटायची.

आता सलामाची गोष्ट. आमच्यात आजाऱ्याला भेटायला जाणं हे पुण्याचं काम. जाणारच. आणि गेलं की सलाम करायचा, म्हणजे उजव्या हातात उजवा हात घ्यायचा. ह्यांचा उजवा हात तर लुळा. मग येणारा प्रत्येक जण तो हात उचलायचा, दोन्ही हातांनी दाबायचा, छातीला लावायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि सोडून द्यायचा. हात धप्पकन खाली. मग पुढचा. दुकानावरचे, मशिदीतले, लाँचवाले, शेजारचे अरब, इराणी रोटीवाला, झाडून सगळे. आम्हाला वाटायचं केवढं हे प्रेम! होतंच प्रेम. त्यात भाईंचं सगळ्यात जास्त. ते तर हात धरून ओढायचे. "ऊठ रे भावा, ऊठ. मी आलोय, ऊठ."

एका दुपारी भाई असेच ओढत होते आणि हड्डीवाला दारातून आत आला. असा ओरडला की मुलगा दचकून रडायला लागला.

"खांदा काढताय तुम्ही त्याचा! प्रेमानं काढताय, पण काढताय!"

भाईंवर असं ओरडायची बाजारात कुणाची छाती नव्हती. हा थेट माझ्याकडे आला. "भाभी, बोट द्या." माझं बोट धरून ह्यांच्या खांद्याच्या टोकाखाली ठेवलं. तिथं खड्डा होता. बोट आत जात होतं. हाडाला धरून ठेवणारे स्नायूच झोपलेले, आणि वरून पाहुण्यांची ओढाओढ, खांदा आपल्या जागेवरून खाली उतरत चाललेला. आता कळलं, हे झोपेत का कण्हतात ते. आम्ही सगळ्यांनी मिळून, पाहुणचारानं, माणसाचा खांदा निखळवत आणला होता!

भाईंचा चेहरा उतरला. उठून निघून गेले. त्या दिवसापासून रोज यायचे, पण दारातूनच विचारायचे, "काय, कसं आहे?" आणि परत. हाताला हात लावला नाही. दुखावले होते. शिवाय बजावून गेले, "बोट आली की पाठवणार. हा माणूस काय करतोय मला कळत नाही. मला माझ्या डोळ्यांनी फरक दिसला तर बघू."

मला वाटलं, आता हड्डीवाला पाहुण्यांना बंदी करणार. तर तो खोलीत गोल गोल फिरतोय आणि पुटपुटतोय, "एवढी माणसं... रोज एवढे हात... फुकट घालवायचे?" एकदम थांबला. "सलाम बंद नाही करायचा. शिकवायचा."

दुसऱ्या दिवसापासून हा दारात उभा, तिकीट तपासनीसासारखा. पाहुणा आला की आधी तालीम. उजव्या बाजूनं यायचं. खाली बसायचं. डावा तळवा ह्यांच्या कोपराखाली द्यायचा, दंड वर उचलून खांद्याच्या खोबणीत बसवायचा. "कोपर खालून धरा, मग सलाम!" मग हातात हात घ्यायचा, आणि दाबायचा नाही. वाट बघायची. ह्यांनी दाबायचा. "शेठ, सलामाचं उत्तर द्या!" आलं तर आलं. मग हात हळूच उशीवर ठेवायचा. टाकायचा नाही. पहिल्यांदा सगळ्यांना अपमान वाटला. सलाम काय आम्हाला शिकवायचा? पण आमचा घरमालक, शेजारचाच वयस्क अरब, तो पहिल्याच फटक्यात शिकला. मोडक्यातोडक्या अरबीत हड्डीवाल्यानं सांगितलं, त्यानं कोपर असं धरलं जसं तान्ह्या मुलाचं डोकं धरतात. "हबीबी," ह्यांना म्हणाला, "यल्ला, मला घाई नाही," आणि बसून राहिला. त्यानं केलं म्हटल्यावर बाकीच्यांची बोलती बंद.

आणि एके दिवशी रोटीवाला ओरडत बाहेर आला. "दबाया! मेरा हाथ दबाया!" मी पदर खोचून धावले. अंगठा, नुसता अंगठा हलला होता. पण हलला होता, अल्लाची शपथ, मी बघितला. मी तिथेच बसले आणि मोठमोठ्यानं रडले. हड्डीवाला म्हणाला, "भाभी, रडा नंतर, त्याच्या उजवीकडे बसून रडा."

त्यानंतर जी मजा सुरू झाली, काय सांगू! बाजारात चढाओढ. आज कुणाचा हात दाबला? याचा दाबला, त्याचा नाही. ज्याचा दाबला नाही तो तोंड पाडून जायचा आणि अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर पुन्हा हजर. काही तर रांगेत भांडायचे. चहा करून करून माझ्या नाकी नऊ आले. मी त्याच्यावर उखडले, "तुमच्या दवाखान्याचा चहा माझ्या माथी का?" तर म्हणतो, "ज्यानं कोपर चुकीचं धरलं त्याला देऊ नका."

हे सगळं कशानं झालं, मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. गोळ्यांनी असेल, दुवांनी असेल, वय कमी होतं म्हणून असेल, हड्डीवाल्याच्या हातांनी असेल. इस्पितळातला डॉक्टर येऊन बघून गेला, मान डोलावली आणि म्हणाला, "जे चाललंय ते चालू द्या." हड्डीवाल्याला मी हेच विचारलं तेव्हा त्यानं खांदे उडवले. "मला तरी कुठं कळतंय? मी वाट मोकळी करतो. चालत तो आलाय."

तो पुढं दुबईत टिकला नाही. टिकण्याचा स्वभावच नव्हता. कुणाची तरी पाठ आखडली म्हणून लॉरीत बसून वाळवंटातून अल ऐनला गेला, तेव्हा तिकडे नीट रस्तासुद्धा नव्हता. मग कुणी म्हणालं खोर फक्कानला कोळ्यांमध्ये दिसला. जाताना भेटला नाही, सांगितलं नाही. माझ्या नेहमीच्या कपांपैकी एक त्यानंतर कधी सापडला नाही. आज मुलाच्या घरी, मोहम्मद बिन झायद सिटीत, ए.सी.त बसून कुणाच्या गुडघ्याची, कमरेची गोष्ट निघाली की मला त्याची आठवण येते आणि आधी रागच येतो. असा कसा गेला? मी त्याला धड शुक्रिया म्हटलं नव्हतं. म्हणायला गेलं की उठून जायचा.

पण बोट आली त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

बोट बाहेर येऊन नांगरली होती. भोंगा खाडीपर्यंत ऐकू आला. ट्रंक बांधून ठेवलेली, भाईंनी माणूस पाठवून बांधून घेतली होती. अंगठा हलतो, बोटं दाबतात, हे सगळा बाजार सांगत होता, पण भाईंचं एकच. "लोक काय, मन राखायला काहीही बोलतात." आणि खरं सांगायचं तर बोटांचा दाब असा काही मोठा नव्हता. कधी यायचा, कधी नाही. हे टेकून बसायला लागले होते, दोन-चार शब्द फुटले होते, एवढंच. हड्डीवाला सकाळपासून आमच्या घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होता. "आत्ता नाही. आत्ता हलवायचं नाही. बोटीवर आठवडाभर पडून राहिला की सगळं गेलं. भाईंना सांगा!" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना." तो तर कधीच सांगून, भांडून, हात टेकून आला होता.

भाई दोन हमाल आणि खुर्ची घेऊन आले. आत आले, आणि बऱ्याच दिवसांनी उंबरा ओलांडून पलंगाशी आले. उजव्या बाजूला. ह्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग खाली बसले. अवघडून, जसं लोकांना करताना दारातून पाहिलं असेल तसं, त्यांनी डावा तळवा ह्यांच्या कोपराखाली घातला. हात हातात घेतला.

"सलाम अलैकुम, भावा," म्हणाले.

हे त्यांच्याकडे बघत होते. तोंड हललं, शब्द येईना, मानेच्या शिरा ताणल्या, आणि हाताची मूठ मिटली. अंगठा नाही, बोटं नाही, आख्खी मूठ. भाईंचा हात तिच्यात गच्च. मी एवढी मूठ अजून पाहिली नव्हती, कुणीच पाहिली नव्हती.

भाई हसले, रडले, दोन्ही एकदम. "अरे! अरे, ताकद आहे की!" बाहेरून लाँचवाला ओरडला. भाई म्हणाले, "बरं, सोड आता. लाँच थांबलीय. चल, सोड."

ह्यांनी सोडलं नाही.

"सोड ना रे."

मूठ तशीच. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाईंनी हात जरा ओढला, आणि थांबले, खांद्याची आठवण आली असावी. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "नाही जायचं तुला?" म्हणाले. "अरे, मग सांगायचं नाही का! एवढं घट्ट धरून... नाही पाठवत. नाही पाठवत बाबा, कुठं नाही पाठवत." आणि त्या हातावर कपाळ टेकून माझे दीर, ज्यांच्यापुढे बाजार चळचळ कापायचा, लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

मी हड्डीवाल्याकडे बघितलं. रोज बघत होते ना मी, चार गोष्टी मलाही कळायला लागल्या होत्या. तो भिंतीला टेकून उभा होता. तोंड उघडलं होतं, आता बोलणार, असं वाटलं. नजरानजर झाली. त्यानं तोंड मिटलं. हमालांच्या हातातून खुर्ची घेतली आणि बाहेर नेऊन ठेवली.

मी त्याच्या मागे चुलीपाशी आले. हळू आवाजात म्हटलं, "साहेब, ह्यांनी धरून नाही ठेवलं. ह्यांना..."

"सोडता येत नाही," तो म्हणाला. "मूठ आधी मिटायला येते. उघडायला मागून येते. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. उद्यापासून तेच काम."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला त्याचा खुबा सांगणारा हा माणूस! मी हसणार होते, तेवढ्यात समुद्राकडून भोंगा झाला, लांब, आणि मग पुन्हा एकदा. बोट निघाली होती. आतून भाईंची हाक आली, "अहो साहेब, जरा या बघू. ह्याला हात सोडायला..."

हड्डीवाला जायला वळला.

"नको," आतून भाईच म्हणाले. "नको, राहू द्या. असू दे असाच."